माहेर नावाचं फोल्डर

त्यांना टायपिंग येत नव्हतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढं मला त्यांच्याबद्दल चार चांगल्या गोष्टी बोलाव्या लागणार आहेत आणि ते माझ्या जिवावर येणार आहे. दोन बोटांनी टाइप करायचे, कोंबडी दाणे टिपते तसं. एक अक्षर टिपायचं, मान वर करून पडद्याकडं बघायचं, मग दुसरं. मी टायपिंगच्या परीक्षा, मराठी चाळीस, इंग्रजी साठ, पास झालेली बाई. डोळे कागदावर असतात, बोटं आपली आपली चालतात. नांदेडच्या आमच्या कॉलेजजवळच्या दुकानात सहा वर्षं लोक माझ्या टेबलासमोर नंबर लावून बसायचे. मग हे आले आणि सगळ्यांच्या खुर्च्या तिकडं वळल्या.

घर औशाचं. उभी हयात लातूरच्या एका छापखान्यात गेलेली. लेक नांदेडला दिलेली म्हणून बायकोला घेऊन इकडं आले, आणि घरी बसवेना म्हणून आमच्या मालकाकडं काम मागितलं. मालकाला वाटलं, वयस्कर माणूस आहे, झेरॉक्स काढील. महिनाभरात दुकानात येणारा प्रत्येक माणूस दारातूनच विचारायला लागला, "काका हायेत का?" सगळ्यांचे काका. मी मात्र त्यांना कधी काका म्हटलं नाही. "अहो" म्हणायचे. तेवढंच माझ्या हातात होतं.

ते बायांना मात्र सरसकट "माय" म्हणायचे. मलाही. मी चौतीस वर्षांची, रोज उमरीहून गाडीला लोंबकळत येणारी, आणि हे म्हणायचे, "काय गं माय, आज गाडी लेट का?" बरं, विचारून गप्प बसतील तर शपथ. ते लिहूनही ठेवायचे. त्यांची एक तऱ्हा होती. कोणाच्याही कामाची रोज एक वेगळी प्रत काढून ठेवायची आणि तिला नाव द्यायचं ते त्या दिवशी दुकानात जे घडलं त्याचं. 'दुपारी लाईट गेली', 'मालकाची सासू आली', 'चहात माशी'. आणि माझ्या नशिबानं, 'उमरीची गाडी लेट'. या शेवटच्या नावाच्या तर सात-आठ प्रती निघतील. मी बोलले, "अहो, तारीख टाका की सरळ." तर म्हणाले, "तारीख कोणाच्या ध्यानात राहाते माय? माशी पडलेली राहाते."

मी माझ्या फायलींना 'फायनल' म्हणायचे. मग 'फायनल दोन', मग 'खरं फायनल'. ते बघून ते कपाळाला हात लावायचे. "फायनल निस्तं माणूस मेल्यावर होतं. तवर पुरवणी चालूच ऱ्हाती."

या प्रती ठेवायच्या फोल्डरला त्यांनी नाव दिलं होतं 'माहेर'. कारण काय, तर फाईल बाहेर कुठं नासली, मोडली, तर तिला परत यायला जागा पाहिजे. शिवाय गळ्यात काळ्या दोऱ्यात एक पेनड्राइव्ह, ताईत असावा तसा. दुसरा लेकीच्या घरी सुईदोऱ्याच्या डब्यात. आणि प्रत काढली की ती उघडून तिच्यातलं एखादं पान मोठ्यानं वाचायचे. "कॉपी केली म्हंजे झाली न्हाई. उघडली तर खरी." दुपारच्या वेळी आपण कामात, आणि हे शेजारी बसून कोणाचं तरी हळदीच्या भावांवरचं पान वाचून राहिलेत. माझं डोकं उठायचं. लोक मात्र कौतुकानं ऐकत बसायचे.

आमच्या धंद्यात कोणी कोऱ्या पानावर सुरुवात करत नाही, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. जुनं प्रतिज्ञापत्र उघडायचं, नाव-गाव बदलायचं, झालं नवं प्रतिज्ञापत्र. त्याला आम्ही साचा म्हणतो. यात धोका एवढाच, की नवं नाव न देता सेव्ह दाबलं की जुन्या माणसाचा कागद गेला. काकांचा, म्हणजे यांचा, लातूरला असा एक घोटाळा झाला होता. लग्नसराईत औशाच्या नवरीची पत्रिका त्यांनी निलंग्याच्या पत्रिकेवर बसवली. नवरीकडची नावं सगळी बदलली, नवरदेव तसाच राहिला. पाचशे पत्रिका छापल्या. "नवरी औशाची, नवरदेव निलंग्याचा, आन् लग्न लावणारा मी! नवरीचा बाप आला छापखान्यात, मी मागच्या दारानं पळालो. आन् निलंग्याची मूळ पत्रिका, ती पण गेलेली!" हे ते येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचे. स्वतः पोट धरून हसायचे. मी ऐकून घ्यायचे आणि आतून नुसती जळायचे. माझ्या हातूनही असल्या भानगडी झाल्या होत्या, नाही असं नाही. पण मी त्या आईलासुद्धा सांगितल्या नव्हत्या. हा माणूस स्वतःची फजिती सांगतो आणि लोक त्याच्यावर जास्तच भरवसा ठेवतात, हे कुठलं शास्त्र?

एकदा देगलूरकडचे एक निवृत्त गुरुजी आले. गावाचा इतिहास लिहीत होते. हे दुकानात यायच्या आधी दोनशे पानं मी टाइप करून दिली होती, माझ्याकडची प्रत कधीच पुसलेली. घरच्या लॅपटॉपवर दुरुस्ती करायला गेले, सगळं निवडलं गेलं, कुठलं तरी बटण दाबलं आणि कोऱ्या पानावर सेव्ह करून बसले. चेहरा पांढरा पडलेला. लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवत होते, तेवढ्यात हे उठून आले. "कोणी कशाला हात लावू नका. गुरुजी, बसा. पाणी प्या." मग म्हणाले, "तुमच्या पुस्तकातला असा एक शब्द सांगा, जो दुसऱ्या कोणाच्या कामात येणार न्हाई." गुरुजींनी गावातल्या एका विहिरीचं नाव सांगितलं. यांनी त्या नावानं लॅपटॉपचा कोपरा न् कोपरा धुंडाळला. आमच्याकडं अजून जुना फॉन्ट चालतो. त्यातलं मराठी असं मशीनच्या पोटात सापडलं की इंग्रजी अक्षरांचा नुसता कचरा दिसतो. हा माणूस तो कचरा वर्तमानपत्र वाचावं तसा वाचायचा. तासाभरानं पडद्यावर बोट ठेवलं. "ही बघा तुमची विहीर." मशीननं आपल्या आपण ठेवलेली एक जुनी प्रत होती ती. विहिरीच्या मागं अख्खा गाव निघाला. गुरुजींनी त्यांना मिठी मारली. दोनशे पानं माझी, आणि मिठी एका विहिरीला! त्या दिवशी मी डबा तसाच परत नेला.

तर अशा माणसाच्या शेजारी बसून मी सुजाताचं काम घेतलं.

सुजाता हदगावकडची. वडील मजुरी करायचे, ही कॉलेजात तासिकेवर शिकवायची आणि पीएच.डी. करत होती. तिच्या भागातल्या अकरा म्हाताऱ्या बायांना भेटून, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरात काय काय बदललं, ते तिनं त्यांच्या तोंडून फोनवर रेकॉर्ड केलं होतं. चौथं प्रकरण म्हणजे त्या अकरा जणींचं बोलणं, जसंच्या तसं. ती फोन माझ्या टेबलावर ठेवायची, म्हातारी बोलायची, मी टाइप करायचे. एक वाक्य झालं की थांबवायचं, पुढचं लावायचं. चार महिने चाललं. मग बसस्टँडवर तिचा फोन कोणी तरी मारला. ती हसून म्हणाली, "जाऊ द्या ताई. उतरवून झालं होतं सगळं. आता काय हाय ते तुमच्यापाशीच हाय."

मला किती बरं वाटलं म्हणून सांगू!

हे लगेच पुढं होऊन सुजाताला म्हणाले, "माय, पेनड्राइव्ह दे. एक प्रत तुझ्याकडं असू दे, एक माझ्याकडं." मी सुजाताच्या हातावर हात ठेवला. म्हटलं, "काही गरज न्हाई. माझी कस्टमर हाय, मी बघते." माझ्या मशीनला मी त्यांचा पेनड्राइव्ह कधी लावूच दिला नव्हता. व्हायरस येतो, असं मी म्हणायचे. माझ्या मशीनवर त्यांचं नुसतं ते माहेर होतं, तेही मालकानं सांगितलं म्हणून. ते म्हणाले, "एकाच घरात दोन चाव्या ठेवून काय उपयोग?" आणि गेले आपल्या जागेवर.

त्यानंतर सुजाता आली की आधी त्यांच्याशी दोन शब्द बोलायची. औशाची, लेकीची, नातवंडांची चौकशी. एक दिवस तिनं त्यांच्यासाठी घरून शेंगदाण्याची चटणी आणली. त्यांच्यासाठी. मला म्हणाली, "ताई, तुम्हालाबी घ्या की त्यातली." त्यातली! त्या दुपारी मी माझ्या मशीनवरचं माहेर पुसून टाकलं. मशीन स्लो झाली, असं मी स्वतःलाच सांगितलं.

मग आठ-दहा दिवसांनी सोयाबीनच्या किडीवर प्रबंध लिहिणारा एक जण घाईत आला. मार्जिन, मथळे, सगळं सुजाताच्या चौथ्या प्रकरणासारखं पाहिजे होतं. मी ते प्रकरण उघडलं, आतलं सगळं निवडून काढलं आणि त्या साच्यात किडी भरायला लागले. नवं नाव द्यायचं राहिलं. दिवसभर टाइप केलं, दिवसभर सेव्ह दाबलं. संध्याकाळी फाईल बंद करताना वरचं नाव दिसलं: सुजाता, प्रकरण चार, खरं फायनल.

फाईल परत उघडून वरपासून खालपर्यंत बघितली, सगळ्या किडीच. पण त्यांना सांगावं, हे काही मनात आलं नाही. खोटं कशाला बोलू, आलं होतं. जीभ वळली नाही. दुसऱ्या दिवशी लवकर येऊन मी हरवलेल्या फायली शोधणारं कसलं कसलं सॉफ्टवेअर उतरवलं. एक चाललं नाही म्हणून दुसरं. दुपारपर्यंत हाती काही लागलं नाही. आणि चारच्या सुमाराला सुजाता दारात उभी. पुढच्या सोमवारी प्रबंध जमा करायचा होता.

मी तिला म्हटलं, "मशीन बिघडली."

"म्हंजे चौथं प्रकरण गेलं?" तिनं विचारलं. ते उठून आले. माझ्याकडं बघून म्हणाले, "खरं खरं सांग माय. हरवल्यावर मशीनवर काय काय केलं? पुसलेली जागा मशीनला रिकामी वाटती, तिच्यावर ती नवं सामान ठेवती. म्हणून इचारतो."

"काहीच न्हाई केलं," मी म्हणाले.

"आन् माहेर कुठं गेलं?"

"मला काय माहीत? मालकानं काढलं असंल."

"बरं," म्हणाले. एवढंच.

त्यांनी माझ्या मशीनची डिस्क काढून आपल्या मशीनला जोडली, आणि तीन दिवस दुसरं काही केलं नाही. सुजाताला शेजारी बसवून प्रत्येक म्हातारीचा एक शब्द मागून घेतला, जो दुसरीच्या बोलण्यात येणार नाही असा. कोणाच्या म्हशीचं नाव, कोणाच्या गावचा ओढा, कोणाची पहिली पाटी. मग तो कचरा वाचत बसले. चष्मा पुसायचा, वाचायचं, परत पुसायचा. मध्येच म्हणायचे, "ही आली म्हस." सुजाताच्या डोळ्याला धार लागायची. मी समोर दुसऱ्या मशीनवर बसून किडी टाइप करत होते. माझ्या चुकीवर हा माणूस मोठा होत चालला होता. खरं सांगते, त्या तीन दिवसांत मला एकदा असंही वाटून गेलं की न सापडलं तर बरं.

दहा जणी सापडल्या. पुसलेल्या माहेरातच सापडल्या. अकरावीचा शब्द होता 'कणगी'. तो कुठंच निघेना. तिच्या जागेवर काय बसलं होतं सांगू? मी उतरवलेलं सॉफ्टवेअर. ते त्यांना दिसलं होतं, मलाही दिसलं होतं. त्यांनी चष्मा पुसून परत चढवला.

सुजाता म्हणाली, "ती आजी मागच्या महिन्यात वारली. मला गोष्ट आठवते काका, पण त्यांचे शब्द न्हाई आठवत. आन् या प्रकरणात त्यांचेच शब्द पाहिजेत." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "ताई, तुम्ही टाइप केलं होतं. तुम्हाला काही?"

मी डोळे मिटले. आठवायचा प्रयत्न केला. कानांतून आलं होतं, बोटांतून गेलं होतं, आत काही राहिलं नव्हतं. मला फक्त एवढं आठवलं की ती म्हातारी लई हळू बोलायची आणि मला तिचा कंटाळा यायचा.

तेव्हा ते म्हणाले, "मला थोडं याद हाय. फोन जोरात लावायच्या ना तुम्ही. तू टाइप कर माय, माझ्यानं तेवढ्या जलदी होणार न्हाई."

मी कीबोर्ड पुढं ओढला. ते खुर्चीत मागं टेकले आणि बोलायला लागले. आवाज त्यांचाच, पण थांबत थांबत, त्या म्हातारीसारखं.

"आम्ही देव पाटीत घातले. सहा व्हते. नदीला गेल्यावर पाचच निघाले. सासूनं एक मागं ठेवला व्हता, जवारीच्या कणगीत. मला माहीत व्हतं. दळायला जवारी काढताना हाताला लागायचा. मी त्याला तसाच सरकवून जवारी काढायची. दोन वर्सं. घरच्यानं इचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं. मला वाटायचं, तिनं घातला, तिनंच काढावा."

मग म्हणाले, "पुढचं मला याद न्हाई. मी त्या येळी चहाला गेलो व्हतो. जागा सोड."

"पुढचं मला माहीत हाय," सुजाता म्हणाली, "पण त्यांच्या शब्दांत न्हाई."

"मग सोडच जागा. खाली लिही की एवढं दुसऱ्यानं ऐकलेलं हाय."

माझी बोटं थांबली होती. मी पडद्याकडं बघूनच बोलले, "माहेर मी पुसलं. सॉफ्टवेअर पण मीच टाकलं. मशीन बिघडली नव्हती. मी तुझ्या फाइलीवर दुसऱ्याचं काम केलं."

ते म्हणाले, "हाव." हाव म्हणजे हो, नुसतं हो.

सुजातानं खुर्ची माझ्याकडं वळवली. मग विचारलं, "माहेर कामून पुसलं, ताई?"

"तू यांच्याकडं जाशील म्हणून."

"मी कुठं जात होते?" ती म्हणाली. तिला खरंच कळत नव्हतं. "टाइप तर तुम्हीच करून राहिल्या होत्या ना."

तिनं पेनड्राइव्ह काढला, त्यांनी त्यात प्रत घातली, उघडली, एक ओळ वाचली आणि तिला दिली. ती दोघांनाही नमस्कार करून गेली.

शेवटचं प्रकरण अजून टाइप व्हायचं होतं, पंचवीसेक पानं. दुसऱ्या दिवशी मी कामं बाजूला ठेवून वाट बघितली. ती आली, पण आमच्या पायऱ्या चढली नाही. रस्त्याच्या पलीकडं एक नवं दुकान झालं होतं, तिथं गेली. माझ्याकडं नाही हे मी समजू शकत होते. पण त्यांच्याकडंही नाही. आमच्या दुकानावरचाच तिचा जीव उडाला होता.

आम्ही दोघं दारात जाऊन उभे राहिलो. काचेतून ती दिसत होती, कागद हातात धरून सांगत होती, कोणी तरी टाइप करत होतं. गेल्या वर्षी ते औशाला परत गेले. त्यांची आठवण निघाली की मला ते असेच आठवतात, दारात, चष्मा शर्टाला पुसत, पलीकडं बघत. त्या दिवशी काळजीनं म्हणाले, "तिथं प्रत काढून घेत असंल का गं ती?"

कीबोर्डवर कोणाची बोटं आहेत, ते मी बघत होते.